रायफलीचे तोंड आणि नेमबाजाचे निशाण

(तेलगाव, जिल्हा बीड येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. साखर कारखान्याच्या या गावात, ऊसतोडीच्या आणि पाणीटंचाईच्या प्रश्नांनी ग्रासलेल्या या परिसरात, रायफलीच्या तोंडावर बसवावयाच्या उपकरणांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्यातून मी कला शाखेचा पदवीधर. परंतु माहिती खात्यातील माणसास लोकांच्या मनातील प्रश्नामागे जावे लागते, आणि गेल्या काही काळात हा प्रश्न शाळांतून व पंचायतींतून वारंवार विचारला जात आहे. त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफल, तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक होय. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली.

कुसळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचे. वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच. आजच्या सभेत जे दोन वर्ग प्रामुख्याने बसले आहेत, त्या दोन्ही वर्गांचा हा मुलगा. २००९ साली तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि तेथे त्याने नेमबाजी निवडली. आपल्या जिल्ह्यालाही असे उदाहरण नवे नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे धावण्याच्या बळावर जगापुढे गेले. तेव्हा आमच्या शाळेतही एक एअर रायफल असावी, असे एखाद्या मुख्याध्यापकास वाटू लागले तर ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. दुकानदाराकडून किंमतपत्रक मागविले की त्यात रायफलीसोबत नळीच्या टोकाला लावण्याच्या चकचकीत वस्तूंची यादी येते, आणि 'याने निशाण अचूक लागते' असे सांगितले जाते. हे म्हणणे कितपत खरे, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम नळीच्या आत काय घडते ते पाहू. आपल्याकडील जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. रायफलीच्या नळीत मात्र मळसूत्रासारख्या वळणदार खाचा असतात. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरणाऱ्या भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा टिकवून धरते. स्पर्धेच्या .२२ रायफलीतून गोळी सेकंदाला सुमारे सव्वातीनशे मीटर वेगाने निघते. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या आत ठेवलेला असतो. घोड्याने काडतुसावर आघात केल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत जेमतेम तीन सहस्रांश सेकंद जातात. पापणी मिटावयास लागणाऱ्या वेळेच्या तुलनेत हा काळ नगण्य वाटेल; परंतु सर्व काही बिघडण्यास तो पुरेसा असतो.

कारण या अवधीत नळी स्थिर नसते. आंबे उतरविण्याच्या लांब बांबूला टोकाशी झेला बांधलेला असतो. मुठीत धरलेल्या टोकाला किंचित हिसका बसला तरी झेल्याचे टोक वरखाली डोलते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पोलादाची नळी बांबूइतकी वाकत नाही, पण न्याय तोच. स्फोटाच्या धक्क्याने नळीत कंप उत्पन्न होतो आणि तिचे तोंड केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म प्रमाणात हलत राहते. गोळी सुटते त्या क्षणी तोंड जिकडे असेल तिकडेच ती जाणार. सुदैव असे की, तीच रायफल, तेच काडतूस आणि तीच पकड असेल तर हा कंपही दर वेळी जवळजवळ सारखाच होतो. अचूकतेचे रहस्य कंप नाहीसा करण्यात नसून तो प्रत्येक वेळी एकसारखा ठेवण्यात आहे.

आता नळीच्या टोकाला वजन लावले म्हणजे काय होईल? झेल्यात दोन आंबे पडले की बांबूचे डोलणे मंदावते आणि त्याची लय बदलते. तद्वतच टोकाशी कोणतीही वस्तू जोडली की कंपाची लय बदलते आणि गोळी लागण्याची जागा सरकते. सैनिकांना व पोलिसांना ही गोष्ट फार जुन्या काळापासून माहीत आहे: रायफलीवर संगीन चढविली की गोळ्या पूर्वीच्या ठिकाणी लागत नाहीत. संगीन काही अचूकतेचे उपकरण नव्हे, ती केवळ टोकाशी आलेले वजन आहे, तरीही निशाण बदलते. यावरून पहिला नियम असा निघतो की, टोकाला जे काही लावावयाचे ते लावून झाल्यावर रायफल नव्याने निशाणावर बसवावी लागते, ज्याला पोलिसांत आणि एन.सी.सी.त 'झिरो करणे' म्हणतात. सकाळी लावले, दुपारी काढले, असा खेळ करणाऱ्याचे निशाण कधीच बसत नाही.

ही उपकरणे एकाच जातीची नाहीत, आणि दुकानदाराचा सारा व्यापार त्यांची गल्लत करण्यावर चालतो.

मझल ब्रेक नावाच्या उपकरणास बाजूने छिद्रे असतात. गोळीच्या मागोमाग सुटणारा तप्त वायू सरळ पुढे न जाता या छिद्रांच्या भिंतींवर आदळून बाजूंना वळतो, रायफलीला पुढे ओढतो आणि खांद्यावर येणारा धक्का कमी करतो. मोठ्या, जड काडतुसाच्या रायफलीत हा लाभ खरा आहे. पण नीट लक्ष द्या: त्याने गोळी अधिक सरळ जात नाही. सुधारणा होते ती नेमबाजात. जोराच्या धक्क्याच्या भीतीने माणूस घोडा ओढण्यापूर्वीच दचकतो, डोळा मिटतो, खांदा आखडतो. धक्का कमी झाला की हे दचकणे कमी होते. त्याची किंमत मात्र शेजाऱ्याला मोजावी लागते, कारण बाजूला वळलेला वायू आणि आवाज त्याच्या कानावर येऊन आदळतो. .२२ च्या काडतुसात मुळात दारू थोडी. गोळी तोंडापर्यंत येईतो वायूचा दाब बराच ओसरलेला असतो. तेथे या उपकरणाला करण्यासारखे काम फारसे उरतच नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी रायफलीवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर वापरण्यास मनाई केली आहे. अर्थात कुसळे यांचे पदक त्यांच्याशिवायच आले. जी वस्तू स्पर्धेत चालत नाही, ती सरावाच्या रायफलीवर बसवून मुलाच्या हाताला तिची सवय लावणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

फ्लॅश हायडर हा दुसरा प्रकार, आणि तो सर्वस्वी सैनिकी. अंधारात गोळी झाडताना तोंडाशी जो जाळ दिसतो, तो विखरून टाकणे हे त्याचे काम. पुण्याजवळील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत विकसित झालेल्या 'इन्सास' रायफलीवर तो आपण पाहिला असेल. अचूकतेशी त्याचा संबंध आडवळणाचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ च्या सुमारास, ब्रिटिशांनी .३०३ रायफलीची एक आखूड व हलकी आवृत्ती काढली. 'जंगल कार्बाइन' म्हणून ती ओळखली जाते. तिच्या टोकाला नरसाळ्याच्या आकाराचा फ्लॅश हायडर होता. लवकरच तक्रारी येऊ लागल्या की, आज बसविलेले निशाण उद्या भटकते. यात सारा दोष त्या नरसाळ्याचा, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. वजन घटविण्यासाठी रायफलीच्या अंगाचे धातूही कोरून काढलेले होते. परंतु नळी आखूड करणे, अंग पोकळ करणे आणि टोकाशी नवा भार देणे या तीन गोष्टी एकदम केल्यावर कंपाची घडी विस्कटली तर नवल नाही.

सायलेन्सरविषयी चित्रपटांनी जो समज पसरविला आहे, त्याबद्दल काय बोलावे? आपल्या रस्त्यांवरील बुलेट मोटरसायकलींचे सायलेन्सर काढून तरुण मंडळी जे करतात, त्याच्या उलट काम बंदुकीचा सायलेन्सर करतो: वायूला अनेक कप्प्यांतून हळूहळू पसरू देतो. आवाज कमी होतो, निशाण बदलते. याहून अधिक बोलण्याचे कारण नाही, कारण यासंबंधी कायदा अतिशय स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम २ मध्ये अग्निशस्त्राची जी व्याख्या दिली आहे, तीत आवाज किंवा जाळ कमी करण्यासाठी बनविलेल्या जोडवस्तूंचाही समावेश आहे. म्हणजे सायलेन्सर किंवा फ्लॅश हायडर हा नुसता लोखंडाचा तुकडा नसून कायद्याच्या दृष्टीने तोच अग्निशस्त्र ठरतो. पंचायत सदस्यांनी आणि ग्रामसेवकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. 'ही तर नुसती नळीची टोपी आहे' हे म्हणणे चौकशीत उपयोगी पडणार नाही.

येथे थोडे विषयांतर करणे अगत्याचे आहे. २०२५ च्या आरंभी आपल्या जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा विषय राज्यभर चर्चिला गेला आणि जिल्हा प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. लग्नाच्या वरातीत वा मिरवणुकीत हवेत गोळी झाडणे हे काहींना प्रतिष्ठेचे वाटते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, हयगयीने अशी गोळी झाडून इतरांच्या जीवितास धोका निर्माण करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कमरेला लावून मिरविण्याची बंदूक आणि दहा मीटरवरील अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर रोखलेली एअर रायफल यांत अंतर किती, हे मुलांना शिक्षकच दाखवू शकतील. एअर रायफलीच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका खरोखरच अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेन्सिलीने सहज टेकवलेल्या टिंबाएवढा.

आता ज्या एका वस्तूचा उपयोग मी मान्य करतो तिच्याकडे येतो. जागतिक दर्जाच्या नेमबाजांच्या रायफलीचे छायाचित्र पाहिलेत तर नळीच्या पुढे एक रुंद, पोकळ नळकांडे दिसेल. पाहणाऱ्यास वाटते की नळीच लांब आहे. वस्तुतः खरी नळी आत अलीकडेच संपते. पुढचे नळकांडे गोळीपेक्षा बरेच रुंद असते आणि गोळी त्याला स्पर्श न करता निघून जाते. त्याचे काम पुढची माशी, म्हणजे फोरसाइट, डोळ्यापासून अधिक दूर नेण्याचे. गणित शिक्षकांसाठी हा हिशेब मांडतो. समजा, मागची आणि पुढची साइट यांत ८० सेंटिमीटर अंतर आहे आणि दृष्टीची चूक पुढच्या टोकाशी एक दशांश मिलिमीटर झाली. ५० मीटरवर ती साडेबासष्ट पट होते, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर. तेच अंतर एक मीटर केले तर पन्नास पट, म्हणजे पाच मिलिमीटर. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, अर्थात त्रिज्या ५.२ मिलिमीटर. पहिल्या स्थितीत गोळीचा मध्य वर्तुळरेषेच्या बाहेर पडतो, दुसऱ्या स्थितीत आत राहतो. सवा मिलिमीटरचा हा फरक कोणास क्षुल्लक वाटेल; पण पॅरिसच्या अंतिम फेरीत कुसळे यांनी ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण मिळविले, म्हणजे सरासरी प्रत्येक गोळीला सुमारे १०.२६. त्या पातळीवर दशांशाचीच लढाई असते. नेमकी लांबी किती असावी यालाही नियमांची मर्यादा आहे, हे वेगळे सांगणे नको.

या नळकांड्यावर वजनाच्या कड्या बसवून रायफलीचा तोल पुढे सरकविता येतो. पुढे जड असलेली रायफल सहजी डगमगत नाही. मात्र ते वजन उचलावयाचे असते हातांनी. १० मीटर एअर रायफलीचे कमाल वजन नियमाने साडेपाच किलो आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला तेवढे वजन देऊन तोलाची भाषा बोलणे म्हणजे लहानग्याच्या खांद्यावर मोठ्याचे जू ठेवणे होय. पाठीवर आणि मनगटावर त्याचे परिणाम होतात. आधी शरीर, मग तोल.

ट्यूनर नावाचा एक सरकता भारही असतो. तो पुढेमागे करून गोळी कंपाच्या नेमक्या अनुकूल क्षणी बाहेर पडावी, अशी त्यामागील कल्पना. कल्पना शास्त्राला धरून आहे, यात शंका नाही. शंका आहे ती लोक त्याची परीक्षा कशी घेतात याविषयी. कोणी पाच गोळ्या झाडतो, त्या जवळजवळ पडतात आणि तो ट्यूनरचा जयजयकार करतो. एका वाफ्यात खत घातले आणि पीक बरे आले, एवढ्यावरून खताची शिफारस कोणी कृषी अधिकारी करील काय? तो अनेक वाफे मागेल, आणि खत न घातलेला वाफाही मागेल. पाच गोळ्यांचे ग्रुपिंग निव्वळ योगायोगाने कधी लहान तर कधी मोठे येत असते. तीच रायफल, काहीही न बदलता, लागोपाठ चार वेळा पाच-पाच गोळ्या झाडून पाहिली तरी चारही ग्रुपिंग सारखी येत नाहीत. मग त्यातील एका लहान ग्रुपिंगचे श्रेय टोकाच्या वस्तूला कसे द्यावयाचे?

दुकानदाराच्या यादीत जे कधीच नसते, ते आता सांगतो. नळी जेथे संपते त्या कडेला 'क्राउन' म्हणतात. गोळीला नळीचा अखेरचा स्पर्श या कडेचा होतो. ती सर्व बाजूंनी सारखी असेल तर मागून येणारा वायू गोळीच्या बुडाभोवती सारखाच निसटतो. तिला एका बाजूस बारीकशी खोच पडली असेल तर वायू तिकडून आधी निसटतो आणि गोळीला तिरके ढकलतो. हजारो रुपयांची रायफल नखाएवढ्या खोचेने निकामी होते. ही खोच बहुधा साफसफाईतच पडते: तोंडाकडून लोखंडी गज घालून, तो कडेवर घासत, उत्साहाने नळी पुसली जाते. शक्य तेथे नळी मागील बाजूने साफ करावी, गज सरळ राहील अशी काळजी घ्यावी, आणि रायफल कधीही तोंडावर उभी करू नये. टोकाला एखादे उपकरण असेलच तर त्याचे छिद्र नळीशी अगदी मध्यावर जुळलेले असले पाहिजे आणि ते सैल असता कामा नये. गोळीचा त्याला ओझरता स्पर्श झाला तरी निशाण गेले, आणि प्रसंगी अपघातही घडतो.

सभेपूर्वी काही सदस्यांनी विचारले की, थोडा निधी हाती असेल तर तो कशावर खर्च करावा. माझे मत असे. प्रथम, गोळ्या अडविणारी भक्कम पाठभिंत आणि दहा मीटरची बंदिस्त जागा; तीतून मुलांची ये-जा बंद असली पाहिजे. त्यानंतर प्रशिक्षित मार्गदर्शक. मग एक साधी, नियमात बसणारी एअर रायफल, कुलपाचे कपाट, आणि चांगल्या प्रतीचे छर्रे व कागदी लक्ष्ये भरपूर. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते. ती मुलांपर्यंत वेळेवर पोहोचविणे हे काम पैशाविना होण्यासारखे आहे. ऊसतोडीसाठी आई-वडिलांबरोबर सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्या मुलांना तर निवासी प्रबोधिनीचा दुहेरी लाभ होईल. नेमबाजी हा केवळ श्रीमंतांचा खेळ आहे, हा समज काही अंशी खरा होता. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत यांच्यासारख्या महाराष्ट्राच्या कन्यांनी आणि नंतर कुसळे यांनी तो बराच सैल केला आहे.

आणि शाळेत रायफल आलीच, तर तिची पहिली परीक्षा अशी घ्यावी. मार्गदर्शकाने स्वतः, टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, त्या आधाराने एकाच लक्ष्यावर दहा छर्रे झाडावेत. असे चार कागद करावेत. टोकाला काही लावावयाचे असेल तर ते लावून पुन्हा तसेच चार कागद करावेत, तेच छर्रे आणि तोच माणूस ठेवून. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून वर्गातल्या मुलांनाच पट्टीने मोजू द्यावे: सर्वांत दूरच्या दोन छिद्रांतील अंतर किती, मध्य कोठे सरकला. कागदांवर तारीख, छर्ऱ्याचा प्रकार आणि झाडणाऱ्याचे नाव लिहून ते शाळेच्या दप्तरी ठेवावेत, आणि पुढच्या वेळी दुकानदार यादी घेऊन आला की ती फाईल त्याच्यापुढे ठेवावी.